सुनेच्या लाल गोळ्या

माह्यं घरात कोणी खरंच मानलं नाही. माही सून सुलोचना सातव्या महिन्यात होती. चेहरा पांढराफटक, उठली की चक्कर. नर्सबाईनं रक्त वाढाच्या लाल गोळ्या देल्या. डबी रिकामी होऊन राह्यली, पण पोरीच्या अंगात रक्त काही दिसेना.

माही सासू म्हणे, "गोळ्यानं लेकरू मोठं होते अन् बाई अडते. बंद कर."

मी म्हटलं, "आत्याबाई, गोळ्या तिच्या पोटात जाऊनच नाही राह्यल्या."

"मंग फेकत असंन ते पोरगी!"

सुनेले इचारलं, "कोण खाते व?" तिनं पदर पुढं ओढला.

पुढच्या खेपेले नर्सबाई आली, तं आमचे घरधनी ओसरीवर कण्हत बसले होते. "बाई, मलेही पाहा. परसाकडे काळं होऊन राह्यलं. कोणीतरी करणी केली माह्यावर."

नर्सबाई म्हणे, "काका, लाल गोळ्या खाल्ल्या की काळंच होते. तुमाले कितवा महिना?"

"ताकदीच्या हायेत म्हणे... म्हणून खाल्ल्या."

नवी डबी मी कनवटीले खोसली. बाळंत होईलोक माह्या हातानं गोळी तिच्या तोंडात टाकली, गिळली का ते तोंड उघडून पाह्यलं. पोरगी झाली, चांगली गुटगुटीत. मायही धडधाकट.

तरी बारशाले सासू बायांले सांगे, "नातसुनेनं आधी गोळ्या फेकल्या."

उखाण्याबिगर नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी साऱ्या बायांसमोर उभी राह्यली अन् म्हटलं, "सुनेनं एक गोळी फेकली नाही. खाल्ल्या कोणं, आयका. पुंडलिकनं!"