अस्वल घरी कसं पोचलं

"काकू, यातलं एक तरी पुस्तक तुम्ही वाचलंय का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने विचारलंच. वाचनालयातल्या काकूंनी भुवया उंचावल्या. "आगाऊ कुठली! रांगेत राहा."

वाचनालयाची स्पर्धा होती: पुस्तक वाचायचं, काकूंना शेवट सांगायचा, की बक्षिसाचं चक्र फिरवायचं. सगळ्यांत जास्त वेळा फिरवेल त्याला सायकल, आणि ती सायकल जवळजवळ तिचीच झाली होती. रांगेत तिच्या पुढे एक बाप आणि त्याची छोटी लेक उभे होते.

"बाबा, अस्वल अजून गुहेतच अडकलंय."

"शेवटचं पान बघ. घरी पोचलं म्हणून सांग."

"पण कसं पोचलं?"

"काकू ते विचारत नाहीत."

"मला चक्र नको, अस्वल हवंय."

"रडू नकोस हं, लोक बघतायत."

"बोल चिमणे, शेवटी काय झालं?" काकूंनी विचारलं.

"पोचलं घरी."

"शाब्बास! फिरव चक्र."

"बाबा, शिट्टी मिळाली. आता वाचू?"

"ते जमा केलं, राणी. दुसरं घे, पातळसं."

दारात त्या पैजवाल्या मुलीचे आईबाबा तिची वाट बघत ताटकळत होते.

"फिरवलंस चक्र?"

"नाही. स्पर्धेतून नाव काढून घेतलं."

"हातातोंडाशी आलेली सायकल घालवलीस?"

"घालवली. अस्वलाचं पुस्तक माझ्या नावावर घेतलंय, ते रांगेतल्या त्या छोट्या पोरीला वाचून दाखवणार आहे. तुम्ही व्हा पुढे."