राजाच्या खुरांना होडीचं तेल

हसू नका, आधी ऐका! तेव्हा माझा धाकटा भाऊ पांडू अंधेरी स्टेशनवर टांगा चालवायचा. पावसात सारखं चिखलात उभं राहून त्याच्या घोड्याचे, राजाचे, खूर तडकले. बिचारा लंगडायला लागला. नालवाला म्हणाला, "चिरेत पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर घोडा कामातून गेला." पांडू रडायलाच बसला.

मी म्हटलं, "रडतोस काय मेल्या! कोळ्याचा ना तू? पाण्यातलं लाकूड आपण कशानं राखतो?"

होडीला लावायचं माशाचं तेल घरात होतंच. मी खूर घासून धुतले, कोरडे पुसले, चिरा तेलानं भरल्या. रोज! आठवड्याभरात राजा परत टांग्याला जुंपला.

पहिलीच सवारी घेऊन पांडू आमच्या दारावरून बोंबलत आला. "ताई, वाट लावलीस! मागे बघ!"

बघते तर काय, वर्सोव्यातली झाडून सगळी मांजरं टांग्यामागे! आतली बाई नाकाला पदर लावून ओरडतेय, "अहो, उतरवा मला!"

मी विचारलं, "घोडा लंगडतोय का?"

"नाही."

"मग वरात समज आणि हाण पुढे!"