पत्राची पोच

नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय डगमगतो — इकडे या, खिडकीजवळ. हे येतीलच अर्ध्या तासात. औषधाच्या दुकानापर्यंतच गेलेत, पण काठी टेकत जायचं, वाटेत दोनदा थांबायचं, म्हणजे तेवढा वेळ लागतोच. तर काय विचारत होतात? — हां, पत्र. मीच नेऊन दिलं. मघाशी सांगितलं ना? ह्यांनी पत्र लिहिलं, मी कारखान्याच्या फाटकावर दिलं, आणि आता कारखाना म्हणतो, असं पत्र आमच्याकडे आलंच नाही. तुमच्या चौकशी समितीपुढे ह्यांनी हेच सांगितलंय आणि मीही तेच सांगतेय. वेगळं कुठून सांगू? चहा ठेवू का? — बरं, राहू दे.

टाकीचा हिशेब बघायचाय म्हणालात ना, तो मात्र दाखवते. ही बघा वही. चौकटी-चौकटीच्या कागदाची, ह्यांना रेघांची वही चालत नाही. सहा वर्षांपूर्वीची आहे, ती टाकी ह्यांनी इथेच, ह्या टेबलावर बसून आखली — हपिसात गोंगाट होतो म्हणायचे. मी शिक्षणाने काही नाही हो, पण पस्तीस वर्षं ऐकून ऐकून थोडं कळतं. आत जे भरतात ना, ते साध्या हवेत ठेवलं तर उकळून उडून जातं, विस्तवाची गरजच नाही, नुसती हवा पुरते. म्हणून त्याला दाबून ठेवायचं — दाबलेलं आहे तोवर ते पाण्यासारखं गपगुमान पडून राहतं. मी एकदा म्हटलं, म्हणजे कुकरच की! तर हे हसले नाहीत, रागावले. म्हणाले, कुकर आपण मुद्दाम तापवतो, ही टाकी कुणी कधी तापवायची नसते, आणि तरी ती एक दिवस तापेल असं धरूनच मला ती आखावी लागते. हे त्यांचं बोलणं. पत्रा किती जाड हवा त्याचा आकडा काढायचे, मग गंजासाठी वर तीन मिलिमीटर जास्त. आणि टाकी कधी काठोकाठ भरायची नाही — ऊन लागलं की आतलं फुगतं, त्याला जागा लागते. घरातल्या बरण्यासुद्धा मी काठोकाठ भरत नाही आता. सवयच लागली.

हे बघा, हे पान. सेफ्टी व्हॉल्व्हचं. बाहेर आग लागली तर आत किती वाफ होईल आणि ती बाहेर सोडायला व्हॉल्व्हचं तोंड केवढं हवं, तो हिशेब. टाकीला वरून कोट होता — मी कोट म्हणते, ते लॅगिंग म्हणतात — लोकरीसारखं जाड अस्तर आणि त्यावर पातळ पत्रा. कोट असला की आगीची धग आत कमी पोचते, मग व्हॉल्व्ह लहान असला तरी चालतो. आणि खाली लाल शाईत काय लिहिलंय ते वाचा. वाचा ना मोठ्यानं — बरं, मीच वाचते. ‘कोट काढल्यास हा आकडा लागू नाही.’ दोनदा अधोरेखित केलंय! हेच आमच्या ह्यांचं. माणूस असा की वेल्डिंगचे फोटो, ते एक्स-रे काढतात ना सांध्याचे, ते सगळे खिडकीच्या उजेडात धरून बघितल्याशिवाय सही करायचा नाही. ठेकेदार ह्यांना ‘भिंग’ म्हणायचे. आले बघा भिंग, आता आजची सही गेली. मला ऐकू येईल असं म्हणायचे, मी हसायचे.

आणि कोट कारखान्यानेच काढला. अस्तराखाली गंज धरलाय का ते बघायला काढला, पाहिलं, आणि परत घातलाच नाही. आज घालू, उद्या घालू — दोन वर्षं टाकी तशीच उघडी. हे एक दिवस भलत्याच कामाला तिकडे गेले, तर समोर ती नागडी टाकी! तडक शिडी चढून वर गेले, व्हॉल्व्ह तोच आहे का बघायला. तोच होता. उतरताना पाय सटकला आणि घोटा मोडला. प्लास्टर बांधून घरी आणलं, आणि आल्या आल्या, पाणीसुद्धा न पिता, पाय ह्याच स्टुलावर ठेवून पत्र लिहायला बसले. आठ दिवसांत कोट घाला, नाहीतर मोठा व्हॉल्व्ह बसवा, तोवर टाकी रिकामी ठेवा. नाही ठेवलीत तर मी सरकारी तपासनिसाला कळवीन. असं शेवटचं वाक्य. मला तोंडपाठ आहे.

आता ह्यांच्यावर आरोप काय, की तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात. गप्प! साहेब, ह्यांच्या गप्प न बसण्यापायी दोन गावं सोडली आम्ही. दोन्ही वेळा असंच पत्र, असंच शेवटचं वाक्य. हे पडदे बघताय? पहिल्या घराच्या खिडक्या उंच होत्या, दुसरीकडे बुटक्या, तेव्हा मी खालून मुडपले. इथे आल्यावर परत उसवले — ती मुडपल्याची रेघ अजून दिसते बघा, धुऊन जात नाही. मी इथे आल्यावर देवाला म्हटलं होतं, आता ह्या पडद्यांना परत कात्री नको लावायला लावू.

काय? — मागची पानं? नाही, ती माझी आहेत. हिशेब पुढे संपला, निम्मी वही कोरी राहिली, कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून मी घेतली. माझ्या नेमाची वही आहे ती. त्यात काही नाही तुमच्या कामाचं — रोज एक रेघ, एवढंच. पत्र लिहिलं त्याच्या आदल्या महिन्यात ह्यांच्या छातीत दुखलं होतं. डॉक्टर म्हणाले, संताप बंद. औषधं देतो, पण संताप तुम्हीच बंद करायचा. म्हणून मी चाळीस दिवसांचा नेम धरला. पहाटे दिवा, आणि चाळीस दिवस ह्या घरात आवाज चढणार नाही, भांडण घरात येणार नाही आणि घरातून बाहेर जाणार नाही. ह्यांच्याकडूनही शब्द घेतला. हसले, पण दिला. म्हणाले, तू म्हणतेस तर तसं. — द्या ती इकडे. साहेब, ती पानं नका उलटू, द्या —

वाचलंत तुम्ही. नवव्या रेघेपुढे लिहिलंय ते. मी विसरले होते, खरंच सांगते, लिहिलंय हेच विसरले, नाहीतर वही कशाला तुमच्या हातात दिली असती? माझंच अक्षर. ‘पत्र ठेवलं. चाळीस झाले की देईन.’ देवापुढे लपवाछपवी नको म्हणून लिहिलं. माणसांपुढे — माणसांचं काय, त्यांना तर रोज सांगतेच आहे.

फाटकापर्यंत गेले होते हो मी. तेवढं खरं आहे. पत्र पिशवीत, पिशवी छातीशी. रखवालदार म्हणाला, काय वहिनी, दादांचा पाय कसा आहे? मी म्हटलं, बरा आहे. आणि परत फिरले. एवढंच झालं. मनात काही वाईट नव्हतं, साहेब. एकतीस दिवस राहिलेत, वाटलं. टाकी दोन वर्षं तशीच उभी आहे, तिला काय धाड भरलीय अजून एकतीस दिवसांत? नेम पुरा होईल, पाय बरा होईल, मग मी स्वतः देईन, आणि त्याआधी शांत डोक्यानं तेच ते शेवटचं वाक्य काढून टाकतील. इतका सरळ हिशेब वाटला. मीही हिशेबच केला ना — नुसता कोट आहे असं धरून केला. देवाचा.

घरी आले तर ह्यांनी पहिलं काय विचारावं? ‘पोच आणलीस?’ शिक्का मारून देतात ना, पत्र मिळालं म्हणून, ती. मी म्हटलं, साहेब बैठकीत होते, पोच नंतर देतो म्हणाले. चपला काढता काढता म्हटलं, वर बघितलंच नाही. तर म्हणाले, बरं. पुढे काही नाही! जो माणूस लोखंडाच्या सांध्यावर विश्वास ठेवत नाही, तो माझ्यावर ठेवून मोकळा झाला. चार दिवसांनी म्हणाले, फोन करून बघतो. मी म्हटलं, तुम्ही शब्द दिलाय मला, आता रागानं फोन नको, पत्र गेलंय ना, वाचतील. फोन खाली ठेवला त्यांनी. माझ्यासाठी ठेवला. त्या महिन्यात ह्या घरात एकदाही आवाज चढला नाही, खरंच सांगते. संध्याकाळी पाय स्टुलावर टाकून बसायचे, मी शेजारी भाजी निवडत. पस्तीस वर्षांत इतके बरे दिवस आले नव्हते.

एकतिसावी रेघ मी सकाळी मारली. त्यानंतरची पानं कोरी आहेत, तुम्ही बघितलीच.

टँकरचा पाइप सुटला, खाली पेटलं. पंपवाला भाऊजी ड्यूटीवर होता — भाऊजी म्हणजे नात्यातला नाही, दोन गल्ल्या सोडून राहायचा, मला वहिनी म्हणायचा म्हणून भाऊजी. ह्यांच्या प्लास्टरवर त्यानं पेनानं काढून ठेवलं होतं, ‘घसरगुंडी, सावकाश चढा’. सगळ्यांना हसवायचा. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्हवर फार जीव. म्हणायचा, वहिनी, शिट्टी वाजतेय ना, म्हणजे दादांची टाकी श्वास घेतेय, काळजी नाही. म्हणून तर तो पळाला नाही. शिट्टी वाजत होती ना! बंबवाल्या दोघांनाही त्यानंच सांगितलं, जवळ या, काही होत नाही. आणि शिट्टी वाजता वाजताच — लहान तोंड हो ते. आत जेवढी वाफ होत होती तेवढी त्यातून निघणार कुठून? हे खिडकीशी उभे राहून ती शिट्टी ऐकत होते. घड्याळ हातात. मला म्हणाले, कोट नाही घातला त्यांनी. पत्र वाचूनही नाही घातला. आणि आवाज झाला. ही काच नंतर बसवलीय.

भाऊजीची बायको येते कधी कधी. तुम्ही बसलात तिथेच बसते. तिची सगळी तक्रार त्या पत्रावर उभी आहे — कारखान्याला कळवलं होतं आणि तरी त्यांनी काही केलं नाही. मागच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाली, वहिनी, तुम्ही खरंच दिलं होतं ना हो? मी हो म्हटलं. तिनं माझा हात डोळ्यांना लावला.

हो, आहे. फाडलं नाही. कसं फाडू, त्यांचं अक्षर आहे. दिव्याखालच्या खणात आहे — हे घ्या. बघा, पाकीटसुद्धा चिकटवलेलं तसंच. तारीख आहे, सही आहे. — ह्यांना वाचवेल म्हणता? हो, गप्प नव्हते हे कळेल. पण पत्र माझ्याच खणातून निघालं की कारखाना सुटला, आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं म्हणून. उघडी टाकी रोज डोळ्यांसमोर होती त्यांच्या, पण डोळ्यांना पोच कोण देतं? ती भाऊजीची बायको उघडी पडली. आणि ह्यांना — ह्यांना तुम्ही काय सांगाल? आता निदान राग तरी धरायला कारखाना आहे त्यांना. रोज रात्री विचारतात, तू कुणाच्या हातात दिलंस, नीट आठव. रोज मी एक चेहरा सांगते. उंच होता, चष्मा होता. परवा म्हणाले, तो चष्मेवाला सापडला पाहिजे.

दिवा अजून लावते मी. रेघ मारत नाही, पण लावते. मागायचं काय तेच कळत नाही आता. आधी मी म्हणायचे, ह्यांची छाती सांभाळ. सांभाळली की त्यानं. मग उरलेलं कुणाकडे मागू? तुम्ही देवाला मानता का? — नका सांगू. उगीच विचारलं.

श्शू. काठीचा आवाज. ऐकताय? मधल्या वळणावर थांबतात एकदा. तिथून चौदा पायऱ्या.

ते पाकीट द्या इकडे. नाही, तुमच्याकडे नंतर येईल, तेच आणून देतील, स्वतः — ते काही लपवणार नाहीत, मी सांगते तुम्हाला. पण आधी त्यांच्या हातात. द्या म्हणते ना.

या. दमलात ना? नाही, ते चौकशीचे साहेब आहेत, पत्राचंच विचारायला आले होते. हो, सांगितलं. काठी द्या माझ्याकडे. बसा आधी, त्या खुर्चीवर नको, इथे, भिंतीशी टेकून. पाणी घ्या. सगळं प्या. — आणि हे घ्या. तुमचंच आहे. द्यायचं राहिलं होतं.

साहेब, तुम्ही निघा आता. जाताना दार ओढून घ्या.