काडी आणि पितळ

अक्कलकोटच्या एसटीच्या रांगेत प्रभाबाईंच्या पुढे सासू-सून उभ्या होत्या. सुनेच्या हातात पितळी पट्ट्या ठोकलेली, वर काडीची नक्षी चिकटवलेली लाकडी डबी होती.

"आत्याबाई, गव्हाची काडी चिरून, इस्त्री करून चिकटवली की कशी लखलखती बघा."

"मागच्या डबीची सगळी उकलली की."

"काडी बसवल्यावर तुमी पितळ चिंचेनं घासलं न्हवं का?"

"पितळ चिंचेनंच घासत्यात, शिवलीला. काडी फुगंल हे मला काय ठावं?"

"ह्या येळी आधी पितळ घासलं, मगच काडी लावली. तांबटकाकांना पसंत पडली, तर सोमवारपासून ते मला हाताखाली घेणार."

"आन न्हाय पडली तर?"

"दुसरी करीन की."

"आण हिकडं, गर्दीत दबंल." सासूने डबी पदराखाली घेतली आणि मागे वळली. "बाई, जरा सरकून उभ्या ऱ्हावा. आज परीक्षा हाय आमची."