कडीचा ओंडका

जयसिंग : …आणि आता बघ आत्या, असली मजा तर इथं आहे. ओंडका टेकवला, लिव्हर दाबली, दांडा पुढं सरकला आणि फट्! देखा? एका झटक्यात दोन फाकी. जमलेली पब्लिक बघतच राहिली.

यमुनाआत्या : पुन्हा लाव.

जयसिंग : आवडलं ना? मला माहीतच होतं. तू नवा गुडघा बसवून घरी आलीस, अपन नवी मशीन घेऊन आलो. दोघं फिट! ट्रॅक्टरच्या मागं जोडायची, बस. ट्रॅक्टरच्याच ताकदीवर हिचा पंप चालतो. दिवसभर कुऱ्हाड मारून जेवढं फुटायचं ना, तेवढं चहा थंड व्हायच्या आत.

यमुनाआत्या : ते गाणं बंद कर आधी. नुसती लाकडं दाखव.

जयसिंग : गाणं पोरांनी टाकलंय. रीलला गाणं लागतंच ना. हं, घे, आवाज बंद.

यमुनाआत्या : इथं थांबव. शेवटी जो ओंडका घेतलास ना, तो. जरा मोठा कर. त्याच्या बाजूला काय चमकतंय?

जयसिंग : कुठं? अच्छा, ते. लोखंड आहे काहीतरी. जुन्या झाडातून निघतं असं, खिळे, तारा…

यमुनाआत्या : कडी आहे ती.

जयसिंग : असेल, असेल.

यमुनाआत्या : असेल काय, आहे. झोपाळ्याची कडी. सोनल चालायला लागली तेव्हा ह्यांनी ठोकली होती आंब्याला. पुढं झाडानंच अर्धी गिळली. जया, ही लाकडं कुठली?

जयसिंग : कुठली म्हणजे? तुझ्याच मागच्या अंगणातली. सरप्राइज होतं यार, तू आधीच पकडलंस! तुला अजून मागच्या पायऱ्या उतरायची मनाई आहे म्हणून, नाहीतर आल्या आल्या दिसलं असतं. एकदम चकाचक केलंय मागं. फरशी धुऊन काढली.

यमुनाआत्या : सगळी फोडलीस?

जयसिंग : हो. मतलब, जवळजवळ सगळीच.

यमुनाआत्या : ताडपत्री घातली होती त्यांच्यावर.

जयसिंग : ती तर फाटली होती. कचरा गाडीत दिली.

यमुनाआत्या : आणि गेरू? एकेका ओंडक्याला गेरू होता. तो नाही दिसला?

जयसिंग : दिसला ना! म्हणून तर हात लावला. आत्या, तू लाकडाच्या टालवाल्यांची मुलगी आहेस, तुला काय सांगायचं? आपल्या टालावर दादाजींच्या जमान्यापासून चुन्याची रेघ म्हणजे इमारती, गेरूची म्हणजे जळाऊ. मला वाटलं, आतोबाच निवडून ठेवून गेलेत. मी आंधळेपणानं नाही केलं, रेघ बघून केलं.

यमुनाआत्या : रेघ नव्हती रे ती. वाळवी लागू नये म्हणून मी गेरू लावायची. दर दिवाळीत. घरात रांगोळीचा गेरू कालवला की वाटीभर मागं न्यायची.

जयसिंग : जळाऊ लाकडाला वाळवीपासून कोण जपतं, आत्या?

यमुनाआत्या : ज्याला ते पुढं लागणार असतं तो जपतो.

जयसिंग : पुढं? तुझ्याकडे गॅस आहे, गीझर आहे. तुला लाकूड कशाला…

यमुनाआत्या : बोल ना. का थांबलास?

जयसिंग : आत्या, नाही ना?

यमुनाआत्या : वादळात आंबा पडला त्याच थंडीत हे गेले. ह्यांच्यासाठी लाकूड तुझ्याच ट्रॉलीतून गेलं होतं. अर्ध्या झाडात ह्यांचं झालं. उरलेलं अर्धं मी ठेवलं होतं. माझं म्हणून.

जयसिंग : अरे देवा.

यमुनाआत्या : त्याच झाडाखाली संसार झाला. कैऱ्या वेचल्या, पापड वाळवले, भांडलो. म्हटलं, जायचं तेही दोघांनी त्याच्यातच जाऊ. फार मोठी हौस नव्हती ही.

जयसिंग : मला कोणी सांगितलं नाही, आत्या. कसम से. कोणीच नाही.

यमुनाआत्या : कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मला एक सांग. फोडताना एकदा तरी बघितलंस लाकडाकडं?

जयसिंग : मशीनला बघावं लागत नाही. तोच तर तिचा फायदा… मतलब, मला तसं नव्हतं म्हणायचं.

यमुनाआत्या : तसंच म्हणायचं होतं. ह्यांना बघावं लागायचं. ओंडका इकडून फिरव, तिकडून फिरव, चीर कुठं आहे ते शोध, मग घाव. मी चिडायची, किती तो वेळ! तेवढ्या वेळात माणसाला काहीतरी सुचतं रे. हे कुणाचं, कशासाठी ठेवलंय, विचारावं का एकदा.

जयसिंग : धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालंय मला.

यमुनाआत्या : धरणीचं राहू दे. लाकूड कुठाय? विकलंस?

जयसिंग : विकलं नाही! तुझ्या घरचं लाकूड मी विकेन?

यमुनाआत्या : मग परत आण. फोडलेलं तर फोडलेलं. नाहीतरी फोडावं लागणारच होतं.

जयसिंग : नाही आणता येणार.

यमुनाआत्या : का?

जयसिंग : जळलं.

यमुनाआत्या : कुठं जळलं? जया, मान वर कर. कुठं?

जयसिंग : मत पूछ ना, आत्या.

यमुनाआत्या : मी विचारतेय.

जयसिंग : सोनलच्या स्वानंदीच्या साखरपुड्याला. हलवाई म्हणाला, कणकेचे बाफले भाजायला आंब्याचे निखारे भोत बढिया. मी म्हटलं, घरचंच आहे, घेऊन जा. घरच्या पोरीचं काम, घरचं लाकूड. मला तर उलट अभिमान वाटला होता.

यमुनाआत्या : म्हणजे मी खाल्ले ते बाफले.

जयसिंग : हो.

यमुनाआत्या : आवडीनं खाल्ले. मागून घेतले. काहीतरी म्हणालेसुद्धा होते मी तेव्हा.

जयसिंग : तू म्हणालीस, आज बाफल्यांना आपल्या अंगणाचा वास येतोय. भरल्या पंगतीत. आणि मी छाती फुगवून हसलो, आत्या. मला वाटलं, तू ओळखलंस आणि खूश झालीस. व्याह्यांना म्हटलं, बघा, आमच्या आत्याचं नाक कसं तेज आहे! आता ते आठवतंय आणि… हे तोंड कुठं लपवू मी?

सोनल : चहा झालाय. आई, तुझा बिनसाखरेचा. दादा, हा तुझा. काय रे, असा काय बसलायस? रील दाखवली का आईला?

यमुनाआत्या : दाखवली. सोनल, मागची लाकडं नेल्याचं तुला माहीत होतं?

जयसिंग : हिला काय माहीत असणार? ही तर हॉलच्या, पार्लरच्या मागे पळत होती. माझंच डोकं. मीच आलो, मीच भरली ट्रॉली.

सोनल : मीच सांगितलं होतं त्याला.

जयसिंग : सोनल, तू चुप बैठ.

सोनल : का चुप? आई, तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी फोन केला होता दादाला. स्वानंदीच्या सासरचे घर बघायला येणार होते. नवी फॅमिली, आणि मागे तो ढीग, वर फाटकी ताडपत्री. मला भयंकर ऑकवर्ड झालं होतं. त्यांच्या घरी सगळं कसं टापटीप. मी दादाला म्हटलं, तो कचरा हटव प्लीज. इश्यू काय आहे?

जयसिंग : कचरा नव्हता तो.

सोनल : मग काय होतं? आतल्या आत किडे झाले असतील म्हणून—

जयसिंग : आत्यानं स्वतःसाठी ठेवलं होतं, सोनल. आतोबांना ज्या झाडात दिलं, त्याच झाडातलं उरलेलं. तिच्या शेवटाला.

सोनल : शेवटाला म्हणजे? आई? हा काय म्हणतोय?

यमुनाआत्या : बरोबर म्हणतोय.

सोनल : आणि मी त्याला कचरा म्हटलं. दोनदा म्हटलं. त्या लोकांसमोर हसून सांगितलं पण, की आमच्याकडे मागे लकडीचं गोडाउन होतं, आत्ताच क्लीन करवलं. आई, तू बोलली का नाहीस? एकदा सांगायचं ना मला!

यमुनाआत्या : कधी सांगू? तू साड्या निवडत होतीस तेव्हा, की पत्रिका बघत होतीस तेव्हा? लग्नघरात मी मध्येच म्हणू, अगं, माझ्याही लाकडांवर लक्ष असू दे? लाज वाटली मला. वाटलं, म्हणाल, म्हातारीला आत्ताच सुचलं. बोलले असते तर आज लाकडं असती. गप्प बसले आणि चवीनं बाफले खाल्ले.

सोनल : बाफले? कुठले बाफले?

जयसिंग : नंतर सांगतो.

सोनल : म्हणजे ते भट्टीतलं… दादा, नको. नको सांगूस.

यमुनाआत्या : रडू नकोस. चहात पडेल.

जयसिंग : आत्या, मला एक बोलायचंय. आतोबांना अग्नी मी दिला. तेव्हा तूच म्हणाली होतीस, मलाही तूच दे, जया. मी तुझा मुलगा नाही असं कधी वाटू दिलं नाहीस तू मला. मी ते चारचौघांत सांगत फिरायचो. आता तू ते सोनलला सांग. माझी लायकी नाही राहिली.

सोनल : मी? कचरा मी म्हटलं, दादा. तू तर नुसतं ऐकलंस.

जयसिंग : ऐकलं, पण हात माझे होते. लिव्हर मी दाबली.

सोनल : तुला पाठवलं कोणी पण?

यमुनाआत्या : पुरे. माझ्या जाण्यावरून भांडताय, इथं अजून मी चहासुद्धा प्यायलेली नाही. जया, तुझी ती रील पुन्हा काढ.

जयसिंग : डिलीट करतो ना, आत्ताच्या आत्ता.

यमुनाआत्या : काढ म्हणते ना. तो कडीचा ओंडका मशीनवर ठेवलेला दिसतो आणि तिथंच संपते रील. फुटताना दिसत नाही. का?

जयसिंग : ते कापलं पोरांनी.

यमुनाआत्या : का कापलं?

जयसिंग : नाही फुटला तो. पातं कडीवर अडकलं. मी लिव्हर सोडली नाही, वाटलं, इतके लोक बघतायत, जाईल कुठं? ट्रॅक्टर नुसता गुरगुरायला लागला. मग पाइप फाटला आणि तेल सगळं माझ्या अंगावर. लोक इतके हसले, इतके हसले. एक तर म्हणाला, भिया, मशीनला पण दया आली. म्हणून मी म्हटलं, तेवढं कापा.

यमुनाआत्या : आणि ओंडका?

जयसिंग : ट्रॉलीच्या कोपऱ्यात टाकला, पोत्याखाली. कोणाला दिसू नये म्हणून. तिथंच पडलाय अजून.

यमुनाआत्या : ट्रॉली कुठं आहे?

जयसिंग : बाहेर. दारातच.

यमुनाआत्या : मग इतका वेळ काय बसलायस? आण जा.

जयसिंग : आणतो. उद्या कुऱ्हाड घेऊन येतो, नीट चीर बघून, कडी वाचवून…

यमुनाआत्या : फोडायचा नाही. अख्खा आण. खांद्यावर घेऊन.

(जयसिंग बाहेर जातो. परत येतो तो घामानं भिजलेला. ओंडका खांद्यावरून उतरवून ओसरीत उभा ठेवतो.)

सोनल : हीच कडी? किती छोटी आहे. मला तर खूप मोठी आठवते. गेरू पण आहे बघ खाली.

यमुनाआत्या : दिवाळीचा आहे. बाजूला हो, मला हात लावू दे.

जयसिंग : एका ओंडक्यानं काय होणार, आत्या? मी शोधतो आंब्याचं. सिमरोलकडं, महूकडं, जिथं मिळेल तिथं—

यमुनाआत्या : बाकीचं कुठलंही चालेल. हा तेवढा उशाशी ठेवा.

सोनल : मी मागे ठेवते, आई. पायऱ्यांखाली, नीट झाकून.

यमुनाआत्या : मागं नको. मागं ठेवलं की काय होतं ते बघितलं. इथंच राहू दे, ओसरीत. वर ती छोटी गादी टाक.

सोनल : इथं? रविवारी स्वानंदीच्या सासूबाई येणार आहेत.

यमुनाआत्या : येऊ देत. बसायला होईल त्यांना.

सोनल : आणि विचारलं तर? हे काय आहे म्हणून?

यमुनाआत्या : सांगायचं, आमच्या आईचा आहे. सध्या बसायला.

जयसिंग : आत्या, मी टेकू का जरा? भोत वजन आहे याला.

यमुनाआत्या : त्याच्यावर नको, जया. तू खुर्ची घे. तुला तो पुन्हा उचलायचाय.