पुढचा भाग फादरांकडे

चर्चमध्ये पापनिवेदनाच्या रांगेत पास्कूबाबा हात जोडून उभा होता, पण कान पुढे कुजबुजणाऱ्या दोघींकडे होते.

"हेलनबाय, त्या रहस्यमालेचा पुढचा भाग आला का गं वाचनालयात?"

"आला नि गेला. आपल्या फादरांनीच नेला."

"अरे देवा! खून कोणी केला ते कळल्याशिवाय मला झोप नाय गं."

"मग आत जाऊन त्यांनाच विचार, लूर्डस."

"विचारतेच!"

लूर्डस आत गेली नि तोंड पाडून बाहेर आली.

"सांगितलं का?"

"कुठलं! एवढी उतावीळ बरी नाय म्हणाले. प्रायश्चित्त म्हणून माळेवर जपायला पाच रोझऱ्या दिल्या."

"पाच? मी नवऱ्याला शिव्या घातल्या तरी एकच देतात!"

"तेवढ्यात त्यांचं वाचून होईल म्हणे. मग पुस्तक माझं."