किल्लीपुरती अध्यक्ष

...नाही, नाही, अभिनंदन करू नका! 'अध्यक्ष झालात, वा वा' म्हणून हात पुढे करायच्या आधी माझ्या या हातात काय होतं ते ऐका, आणि मग मिळवायचा असेल तर मिळवा! शी! अजून आठवलं की मी साबण शोधते.

तुम्हाला सांगते, आमची एक संस्था आहे, संशोधकांची. यंत्रांच्या पोटात छोटे छोटे संगणक असतात ना, लिफ्टमध्ये, गाडीच्या ब्रेकमध्ये, दवाखान्यातल्या सलाइनच्या पंपात, ज्यांनी ठरल्या क्षणाला काम केलंच पाहिजे, जरा उशीर झाला की माणूस गेलाच, त्या संगणकांवर डोकं चालवणारी माणसं. उशीर हा शब्द ऐकूनच यांना घाम फुटायला हवा! आणि संमेलन साडेनऊचं असलं की पावणेअकराला हे दिव्यांची बटणं शोधत असतात. आणि ही म्हणे वेळेची माणसं!

त्यात मी सगळ्यात धाकटी, सभासद क्रमांक एकशे बारा. सलाइनच्या पंपावर तीन वर्षं घालवली, पाच पानांचा निबंध लिहिला, दोन संमेलनांत 'पुढच्या वर्षी बघू हं' ऐकून गप्प बसले, आणि तिसऱ्या वेळी एकदाची बारा मिनिटं मिळाली. आईपुढे तो निबंध इतक्यांदा वाचला की कपड्यांच्या घड्या घालताघालता ती मध्येच म्हणायची, "तिसऱ्या पानावर घाई करतेस हं तू." बाकी काही नको होतं हो मला. एकदा उभं राहायचं आणि पाच पानं वाचायची. बस्स.

माझी वेळ अकरा चाळीसची. अकरा वीसला म्हटलं, आधी एकदा जाऊन येऊ. आता त्या मजल्यावर स्वच्छतागृह एक, त्याला कुलूप एक आणि किल्ली एक! ती कोणी खिशात घालून घरी नेऊ नये म्हणून एका जुन्या संगणकाच्या ताटाएवढ्या सर्किट बोर्डाला बांधलेली. बोर्ड कायम ओला! कशाने ओला ते विचारू नका, मी स्वतःलासुद्धा विचारलेलं नाही. दोन बोटांत धरून गेले, श्वास रोखला, आले. बाहेर आले तर बोळात ब्रेकवाले काका उभे.

इथे दोन नियम सांगायलाच हवेत. एक, ज्येष्ठ सभासद बोलत असेल तर धाकट्याने हलायचं नाही. दुसरा, नियम क्रमांक अकरा, किल्ली ज्याने नेली त्यानेच परत व्यासपीठाशेजारच्या खुंटीला अडकवायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. अध्यक्षांनी स्वतः लिहिलेला! ब्रेकवाले सभासद क्रमांक नऊ, मी एकशे बारा. त्यांनी सुरू केलं, "काय आहे ना पोरी, आमच्या वेळी ब्रेक म्हणजे ब्रेक होता..." मी ओला बोर्ड अंगापासून लांब धरून उभी. ते संपतात न संपतात तोच लिफ्टवाले आले, क्रमांक चौदा. "तुझ्या पंपाचं काय ते मला समजव बरं, पण आधी माझं ऐक." अहो, तेवढ्यात सचिवबाई धावत आल्या, पण त्या पडल्या क्रमांक चाळीस! दोघांच्या बोलण्यात फट मिळेपर्यंत त्या माशासारखं तोंड उघडबंद करत उभ्या. फट मिळाली तेव्हा त्यांनी कुजबुजून सांगितलं, "अध्यक्षांना जायचंय. फार म्हणजे फार तातडीनं."

आता तुम्ही काय केलं असतं? बाजूला झाला असतात ना? माणूस आहात तुम्ही! ब्रेकवाल्यांचे डोळे चमकले हो! "अरे! म्हणजे सगळ्यात मोठा अडकलाय सगळ्यात धाकटीमुळे, आणि धाकटी अडकलीये आपल्यासारख्या मधल्यांमुळे! हिच्या पंपात तातडीचं काम असंच अडकतं, तेच हे! जिवंत उदाहरण!" झालं. सभागृह सोडून तीसेक माणसं बोळात आली. भिंतीवर आकृत्या! मी पाऊल उचललं तर लिफ्टवाले ओरडले, "हलू नकोस! तू आकृतीत आहेस!" आणि आत व्यासपीठावर चौऱ्याहत्तर वर्षांचे आमचे अध्यक्ष, गुडघ्याला गुडघा घट्ट लावून, समोरचा पाण्याचा तांब्या टाचणलेल्या कागदांनी झाकून बसलेले. समोरचं पाणी बघवत नव्हतं म्हणे त्यांना! आणि ही म्हणे वेळेची माणसं!

शेवटी माझ्याच्याने राहवेना. जन्मात पहिल्यांदा मोठ्यांसमोर आवाज चढवला. "याचा उपाय माझ्या निबंधात चौथ्या पानावर आहे! ज्याच्या हातात किल्ली, त्याला तेवढ्यापुरता सगळ्यात मोठ्याचा मान द्या, म्हणजे मधलं कोणी त्याला अडवणार नाही!" मग ब्रेकवाले म्हणाले, "सुरेख! ठराव करा!" ठराव केला हो! माझ्या हातात संडासाची किल्ली, आणि हात वर करून सगळे मला अध्यक्ष करतायत. आतून चिरक्या आवाजात अनुमोदन आलं, "माझं... अनुमोदन... लवकर!" मी म्हटलं, "बाजूला व्हा!" आणि काय सांगू, भराभर दुभंगली गर्दी. मी पळाले, किल्ली खुंटीला अडकवली, अध्यक्षांनी ती ओरबाडली आणि ते गेले.

वेळेत पोचले का? इतिवृत्तात फक्त एवढंच आहे की ते मागच्या जिन्याने थेट घरी गेले आणि पुन्हा संस्थेत आले नाहीत.

मी हात तीनदा धुतले, कागद नीट केले, अकरा चाळीसला माइकपाशी गेले. सचिवबाई म्हणाल्या, "आपण? आपल्याला वाचता येणार नाही. नियम क्रमांक चार, अध्यक्षांनी स्वतःचा निबंध वाचायचा नाही."

"अहो, मी तेवढ्यापुरती होते! किल्ली दिली, मान परत! लिहिलंय मी ते, पाचव्या पानावर!"

"पाचवं पान सभेपुढे आलेलं नाही."

"मग आणते ना सभेपुढे! वाचू द्या!"

"अध्यक्षांना वाचता येत नाही."

"बरं, मग राजीनामा देते!"

"द्या ना. राजीनामा अध्यक्षांकडे द्यायचा असतो. आपण स्वीकारला की पुढच्या संमेलनात नवी निवड, तोवर आपणच."

मी त्याच जागी लिहिला, स्वीकारलासुद्धा. पुढच्या संमेलनात निवडीला माणसं पुरेशी जमेनात, कारण सगळे उशिरा आले. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. ही म्हणे वेळेची माणसं! चार वर्षं झाली. चार!

आणि यंदा काय झालं माहितीये? ब्रेकवाल्यांनी निबंध वाचला. विषय? किल्ली. त्यात ती आकृती, आकृतीत मी, आणि माझं चौथं पान जसंच्या तसं. शेवटी म्हणाले, "मान परत कसा घ्यायचा, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही." टाळ्या! पहिलं बक्षीस! ही एवढी मोठी ढाल. फोटो घरी दाखवला. आईनं चष्मा लावून निरखून बघितला, म्हणाली, "छान आलीयेस गं. पण निबंध तर तुझा ना? मग ढाल तू त्यांना का देतेयस?"

म्हटलं, "आई... मी अध्यक्ष आहे."